आधी यादी मागा, कागद नंतर



भात पोटरीला आलंय, बांधावरचं गवत कापून झालं, दोन-चार दिवस जरा उसंत आहे. करप्यावर, तुडतुड्यावर, खताच्या हप्त्यावर आपण इथं नेहमीच लिहितो. आज कागदावर लिहितो. लांबेल थोडं, पण शेवटपर्यंत वाचा. आणि घरातल्या शिकलेल्या पोराला वाचायला सांगा, कारण पुढं धावपळ त्यालाच करायची आहे.

आपल्या शहापूर-मुरबाडमध्ये एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे. "जुना कागद नाय मिळत." कोणी म्हणतं उंदरांनी खाल्ला, कोणी म्हणतं पुरात भिजला, कोणी म्हणतं ठाण्याला गेला तो परत आलाच नाही. काही ठिकाणी हे खरंही असेल. पण माझं मत वेगळं आहे. बराचसा कागद आहे. जी नाही ती त्याची यादी. कुठल्या खोलीत, कुठल्या गावाची, कितव्या नंबरपासून कितव्या नंबरपर्यंतची वही आहे, हे सांगणारा एक तक्ता कचेरीच्या भिंतीवर कुठं लावलेला तुम्ही बघितलाय का? मी तरी नाही बघितला. तो तक्ता नाही म्हणूनच आपण चकरा मारतो आणि एजंट पैसे कमावतो.

आधी कागद लागतो कशाला ते बोलू. काही जण म्हणतील, सातबारा मोबाईलवर दिसतो, अजून काय पाहिजे?

आपल्या भागात जमिनीला आता भाव आलाय. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. मुरबाडकडे कल्याण-मुरबाड रेल्वेचं नाव निघालंय. त्याच्या आधी तानसा, भातसा आणि बारवीनं गावं घेतली ती आहेतच. रस्ता असो, धरण असो, रेल्वे असो, पैसे कोणाला मिळतात? ज्याचं नाव कागदावर आहे त्याला. कसतो कोण, राब कोण भाजतो, आवणीला चिखलात कोण उभा राहतो, हे भूसंपादनाची नोटीस बघत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका घराची गोष्ट सांगतो. दोन भाऊ, दोघं मिळून कूळ म्हणून जमीन कसायचे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानं कूळ मालक झालं. सातबाऱ्यावर नाव लागलं थोरल्याचं आणि पुढं तीन अक्षरं, "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या माणसांना त्याचा अर्थ ठाऊक होता. थोरला म्हणजे घराचा कारभारी, एकटा मालक नव्हे. तो वारल्यावर वारस नोंद झाली ती फक्त त्याच्या मुलांची. ती तीन अक्षरं नव्या पानावर आलीच नाहीत. धाकट्याची पोरं त्याच शेतात भात लावत राहिली. भांडण नव्हतं, म्हणून कोणी बघितलं नाही. रस्त्यासाठी मोजणी झाली तेव्हा नोटीस एकाच बाजूला आली. आता धाकट्याच्या नातवांना सिद्ध करायचं होतं की मूळ फेरफारात "एकत्र कुटुंब" असं लिहिलं होतं. त्यासाठी ती एक जुनी वही पाहिजे होती.

ते एका कचेरीत महिनाभर जात होते. वही नाही, शोधतोय, पुढच्या आठवड्यात या. मग बाहेरच्या एका माणसानं आकडा सांगितला, आणि जी वही महिनाभर नव्हती ती तिसऱ्या दिवशी सापडली. आकडा किती ते इथं लिहीत नाही. पण विचार करा, त्या माणसाकडं कोणती विद्या होती? कायदा त्याला आपल्याइतकाच माहीत. वही कुठल्या मांडणीवर आहे तेवढं मात्र त्याला माहीत होतं. त्याच्या डोक्यात यादी होती, आपल्या हातात नव्हती. त्याचा धंदा तेवढ्यावर चालतो.

अशी गरज फक्त वाटणीत पडते असं नाही. चार उदाहरणं देतो.

एक, कुळकायद्याची जमीन. ३२ग खाली किंमत ठरली, ती भरली आणि ३२म चा दाखला मिळाला, अशी कितीतरी जमीन आपल्याकडं आहे. २०१४ ला कायद्यात बदल झाला. ३२म चा दाखला मिळून १० वर्षं झाली असतील तर विक्रीसाठी परवानगीच्या मागं लागायचं नाही, शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरायचा. सारा किती असतो आपला? थोडक्या रुपयांत काम होतं. पण दाखल्याची तारीख दाखवायची कशी? दाखला आजोबांच्या पेटीत होता, पेटी वाळवीनं खाल्ली. दुसरी प्रत कुळकायद्याच्या केसच्या फाईलमध्ये.

दोन, खाजगी वन. ठाणे जिल्ह्यात हे दुखणं जुनं आहे. महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९५६-५७ च्या सुमारास, वन कायद्याच्या कलम ३५(३) खाली नोटिसा निघाल्या होत्या. त्या नोटिसांच्या आधारानं पुढं अनेक वर्षांनी लोकांच्या सातबाऱ्यावर वनाची नोंद चढली. सुप्रीम कोर्टानं ३० जानेवारी २०१४ ला गोदरेज आणि बॉइसच्या खटल्यात निकाल दिला, की नोटीस नुसती निघून भागत नाही, ती जमीनवाल्याला बजावलेली पाहिजे. मोठ्या कंपनीची जमीन मुंबईतली, वकील मोठे, त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीचे कागद खणून काढले. निकालाचं तत्त्व आपल्यालाही उपयोगाचं आहे, पण प्रत्येकाची फाईल वेगळी. आपल्या आजोबाला नोटीस बजावली होती का, बजावली असेल तर त्याची पोच कुठं आहे, हे प्रत्येकाला शोधावं लागतं.

तीन, जातीचा दाखला आणि पडताळणी. आदिवासी पोराला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आपल्याकडं कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, सगळ्यांच्या पोरांना हे लागतं. शिक्षण कुठलं तेव्हा? आजोबा शाळेत गेले नाहीत तर शाळेचा निर्गम उतारा कुठून येणार? मग राहतो गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, ज्यात जन्म-मृत्यू जातीसकट लिहिलेले असायचे. ॲडमिशनची तारीख चार दिवसांवर आणि पोरगं कचेरीच्या पायरीवर, हे दर जून-जुलैमध्ये बघतो.

चार, वनहक्क. २००६ चा कायदा म्हणतो की दावा करायला जुने सरकारी कागद, नकाशे, गॅझेटियर, जनगणना असे पुरावे चालतात. चालतात खरे, पण डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या पाड्यावरच्या माणसानं ते शोधायचे कुठं?

आता हे कागद असतात कुठं ते सांगतो. हा परिच्छेद कापून ठेवा.

चालू सातबारा, ८अ आणि अलीकडचे फेरफार सजावर, म्हणजे तलाठ्याकडं. २०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. जुने सातबारे, जुन्या फेरफाराच्या वह्या, कुळकायद्याच्या फाईली तहसीलच्या अभिलेख कक्षात. नकाशे, टिपण, फाळणी, आकारबंद, कमी-जास्त पत्रक हे सगळं भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडं. खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत हे दुय्यम निबंधकाकडं. घराचा उतारा, म्हणजे नमुना ८, ग्रामपंचायतीत. अपिलाचे निकाल आणि बऱ्याच भूसंपादनाच्या फाईली प्रांताकडं. आणि इथं आपली पंचाईत बघा. शहापूरचा प्रांत भिवंडीला, मुरबाडचा प्रांत कल्याणला. त्याच्यावरचं सगळं ठाण्याला. म्हणजे किन्हवलीच्या माणसाची एका कागदासाठी शहापूर, भिवंडी, ठाणे अशी वारी. धसईच्या माणसाची मुरबाड, कल्याण, ठाणे. मजुरी बुडते ती वेगळी, गाडीभाडं वेगळं, आणि शेवटी कळतं की कागद पहिल्याच कचेरीत होता.

हीच गोष्ट यादी असती तर एका चकरेत झाली असती. हे मी नुसतं म्हणत नाही, उदाहरण आपल्या डोळ्यासमोर आहे.

"इंडेक्स टू" हा शब्द आपल्यातल्या अडाणी माणसालाही माहीत आहे. जमीन घेताना-विकताना प्रत्येक जण विचारतो, "इंडेक्स टू काढला का?" हा इंडेक्स म्हणजे सूची. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं दुय्यम निबंधकाला सक्ती केली की दस्ताच्या वह्यांची सूची ठेवायची. एक सूची माणसांच्या नावानं, दुसरी मिळकतीनं. ही दुसरी म्हणजे आपला इंडेक्स टू. आणि स्थावर मिळकतीची ही सूची फी भरून कोणालाही बघता येते, तुझा काय संबंध असं विचारता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी, संगणक नव्हता तेव्हा, इंग्रजाच्या राज्यात हे जमलं. त्याचा परिणाम काय झाला? दस्त शोधायला आजही तुलनेनं सोपा. सालं माहीत नसलं तरी वर्षावर्षाची सूची चाळून सर्च घेता येतो.

फेरफाराच्या वह्यांना अशी सूची लोकांसमोर का नसावी? कुळकायद्याच्या फाईलींना का नसावी? मोठं काम नाही हे. एका गावाच्या फेरफाराच्या वह्या असतात किती? पाच, दहा, मोठं गाव असेल तर पंधरा. प्रत्येक वहीची एक ओळ लिहायची. पहिला फेरफार नंबर, शेवटचा नंबर, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, पानं शाबूत की फाटलेली. एका गावाची यादी एका पानावर मावते.

आणि हे कायद्यात नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झाला. आपण सगळे त्याचं कलम ६ वापरतो, म्हणजे अर्ज करून माहिती मागतो. पण त्याच्या आधी कलम ४ आहे. त्याचं पहिलंच पोटकलम, ४(१)(क), म्हणतं की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपले सगळे अभिलेख नीट सूचीबद्ध करून ठेवायचे, आणि शक्य ते संगणकावर आणायचे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की सूची नसेल तर अर्जाला अर्थ नाही. दुकानात काय माल आहे तेच माहीत नसेल तर मागणार काय? आपण वीस वर्षं माल मागत बसलो, मालाची यादी मागितलीच नाही.

हा कायदा आला कुठून तेही बघा. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटन नावाची संघटना, शेतकरी-मजुरांची. दुष्काळी कामावर मजुरी कमी मिळायची, म्हणून त्यांनी हजेरीपट बघायला मागितले. कचेरीनं सांगितलं, सरकारी कागद आहे, दाखवता येत नाही. १९९४ च्या डिसेंबरात त्यांनी गावात लोकांसमोर जनसुनावणी घेतली आणि मिळालेला हिशेब मोठ्यानं वाचला. कागद वाचला की लोक उठून सांगायचे, हे काम झालंच नाही, हा माणूस तर केव्हाच मेलाय. मग १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावर नावाच्या गावी, आपल्या कल्याण-भिवंडीपेक्षा लहानच शहर ते, चाळीस दिवस धरणं धरलं. आपल्या राज्यात अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर केंद्राच्या आधीच हा कायदा आला होता. म्हणजे हा हक्क मजुरांनी आणि शेतकऱ्यांनी हजेरीपटासाठी भांडून मिळवलेला आहे. तो आपल्यासारख्यांचाच आहे, वकिलांचा नाही.

आता कोणी म्हणेल, सरकारला हे जमणार नाही, माणसं नाहीत, वह्या मोडीत आहेत, खोल्या भरलेल्या आहेत. याला उत्तर सरकारनंच दिलंय. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायला. आरक्षणाच्या वादात मी इथं पडत नाही. आपल्याकडं त्यावर दोन्ही बाजूंचे लोक आहेत आणि दोघंही माझे वाचक आहेत. मला फक्त काम कसं झालं ते सांगायचंय. हुकूम निघाला आणि जिल्ह्याजिल्ह्यात खोल्या उघडल्या. महसुलाच्या वह्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची रजिस्टरं, तुरुंग आणि पोलीस खात्याचे जुने कागद, सगळं चाळलं. मोडी वाचणारे जाणकार शोधून आणले. थोड्या महिन्यांत लाखांनी नोंदी निघाल्या. ज्या खोल्यांत "नाय सापडत" होतं त्याच त्या खोल्या. मनावर घेतलं तर कागद सापडतो हे राज्यभर सिद्ध झालं. तेव्हा एका जातीची नोंद शोधायला चाळलेली वही, तिची एक ओळ यादीत लिहून ठेवायला किती वेळ लागला असता?

ऑनलाइनवाल्यांशीही दोन शब्द. डिजिटल सही केलेला सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, हे चांगलंच झालं, मी स्वतः वापरतो. जुन्या अभिलेखांचं स्कॅनिंगही झालंय, आणि त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत आपला ठाणे आहे. पण स्कॅन म्हणजे फोटो. फोटो बघायचा तर गाव, जुना सर्व्हे नंबर, कागदाचा प्रकार आणि फेरफार नंबर हे माहीत पाहिजे. जिथं गट झाले तिथं जुना सर्व्हे नंबर कितीजणांना पाठ आहे? आणि जी वही स्कॅन करणाऱ्याच्या हातात आलीच नाही, ती संगणकावर नाही याचा अर्थ ती जगातच नाही असा लोक घेतात. कचेरीतला माणूसही तसंच सांगतो. स्कॅन झालेल्या आणि न झालेल्या वह्यांची गावनिहाय यादी लावलेली असती तर हा घोळ झाला नसता.

कचेरीच्या माणसांवर मी सरसकट दगड मारत नाही. अभिलेख कक्षात एखादा कारकून, वर पत्र्याचा उकाडा, खाली धूळ, आणि दिवसाला रांग. त्याच्यावर निवडणुकीचं काम, पंचनाम्याचं काम, वर साहेबाची बैठक. त्यातले काही लोक इतकी मदत करतात की आपण पाया पडावं. पण एक गोष्ट त्यांनीही मान्य करावी. यादी लावली तर त्यांचाच ताप कमी होईल. अर्धे लोक चुकीच्या कचेरीत येतात, ते येणार नाहीत. अर्धे "१९५० चे सगळे कागद द्या" असा अर्ज करतात, ते नेमका नंबर टाकून मागतील. ज्याला यादीची भीती वाटते त्याचं कारण वेगळं असतं, ते तुम्ही समजून घ्या.

भीतीवरून आठवलं. गहाळ झालेल्या वहीचीही यादी पाहिजे. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आज वही नाही असं तोंडी सांगतात. उद्या तीच वही निघते, त्यात नवीन शाईची ओळ दिसते. वही आज आहे असं लिहून ठेवलं तर ती उद्या गायब करता येत नाही. वही आज नाही असं लिहून ठेवलं तर ती उद्या सोयीनं उगवत नाही. आणि खरोखरच नसेल तर "हा अभिलेख उपलब्ध नाही" असं लेखी मिळालं पाहिजे, कारण मूळ कागद गहाळ आहे हे दाखवता आलं तर कोर्टात दुय्यम पुरावा मांडता येतो. तोंडी "नाय" घेऊन घरी येऊ नका. त्या "नाय"ला कोर्टात किंमत नाही, लेखी "नाही"ला आहे.

आता करायचं काय?

पहिलं, स्वतःचा चालू सातबारा घ्या आणि त्यावर नावांपुढं, इतर हक्कांत कंसात किंवा वर्तुळात जे आकडे आहेत ते एका वहीत उतरवा. ते फेरफार नंबर. तीच जुन्या कागदाकडं जायची पायवाट. एका फेरफारात मागच्याचा उल्लेख असतो, तसं मागं मागं जायचं. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून नावं पक्की करा. आजोबाचं घरचं नाव एक आणि कागदावरचं दुसरं, हे आपल्याकडं घरोघरी आहे.

दुसरं, यादीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. मजकूर असा लिहा: "मौजे अमुक, तालुका शहापूर (किंवा मुरबाड) येथील गाव नमुना ६ म्हणजे फेरफाराच्या आपल्या अभिलेख कक्षात असलेल्या सर्व वह्यांची यादी मिळावी. प्रत्येक वहीतील पहिला व शेवटचा फेरफार क्रमांक, कालावधी आणि सध्याची स्थिती नमूद करावी. ज्या वह्या उपलब्ध नाहीत त्यांचे क्रमांक वेगळे द्यावेत." बस. जास्त काही लिहायचं नाही, रागाचं तर मुळीच नाही. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. नाही आलं तर त्याच कार्यालयाच्या वरच्या अधिकाऱ्याकडं ३० दिवसांत पहिलं अपील. तिथंही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं, आपल्याला कोकण खंडपीठ. वेळ लागतो हे खरं. म्हणून एकेकट्यानं करायचं नाही, गावातल्या चार पोरांनी चार कचेऱ्या वाटून घ्यायच्या.

तिसरं, सोमवार. २६ नोव्हेंबर २०१८ ला राज्य सरकारनं निर्णय काढलाय, की जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला द्यायचे. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. अर्ज न करता जाऊन बघायची ही सोय आहे. किती जण गेलो आपण? शहापूरला आणि मुरबाडला आता नगरपंचायत आहे, गावागावात ग्रामपंचायत आहे. निर्णयाची प्रत मोबाईलमध्ये ठेवा, नम्रपणे दाखवा, बघायला मागा. जी सोय कोणी वापरत नाही ती बंद व्हायला वेळ लागत नाही.

चौथं, हे गावाचं काम. १ ऑगस्ट हा महसूल दिन. त्या दिवशी कचेरीत सत्कार होतात, होऊ देत. पण त्याच दिवशी गावात फेरफार वाचन का होऊ नये? हाताचा सातबारा संगणकावर आणताना चावडी वाचन झालं होतं, ते आपल्याला आठवतं. तसं वर्षातून एकदा, मागच्या वर्षात गावात कोणते फेरफार झाले ते मोठ्यानं वाचायचे. फेरफाराची नोटीस चावडीवर लावून हरकतीला १५ दिवस द्यायचे हा कायदाच आहे, पण नोटीस वाचतो कोण? लेकी नांदायला गेलेल्या, पोरं भिवंडीच्या गोदामात नाहीतर ठाण्या-मुंबईत कामाला. वर्षातून एका ठरलेल्या दिवशी वाचन आहे म्हटल्यावर ते येतील. ज्या बहिणीचं नाव वारसातून गाळलं तिला कळेल. ज्या कातकऱ्याच्या नावापुढं दुसऱ्याचं नाव आलं त्याला कळेल. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथल्या ग्रामसभेच्या शब्दाला तर जास्त वजन आहे. ठराव करा, आमच्या गावाच्या वह्यांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

एक गोष्ट साफ सांगतो, नाहीतर उगाच गैरसमज होईल. यादी मिळाली म्हणजे जमीन मिळाली असं नाही. फेरफार म्हणजे मालकीचा शेवटचा शब्द नाही, तसं कोर्टानं अनेकदा सांगितलंय. पण महसूल कायदा असंही म्हणतो की नोंद खोटी ठरेपर्यंत ती खरी मानायची. म्हणजे भांडायचा भार ज्याचं नाव नाही त्याच्यावर. तो भार उचलायला आधी कागद हातात पाहिजे, आणि कागद हातात यायला तो कुठं आहे ते माहीत पाहिजे. ज्याच्याकडं पैसा आहे तो ही माहिती विकत घेतो. ज्याच्याकडं नाही त्याच्यासाठीच यादी भिंतीवर पाहिजे.

भात कापणी सुरू व्हायला अजून महिना-दीड महिना आहे. त्याआधी आपापल्या गावासाठी वरचा अर्ज टाका. पोच घ्या, शिक्का बघून घ्या, तारीख लिहून ठेवा. कुठल्या गावाला काय उत्तर आलं ते खाली लिहा, चांगलं आलं तरी लिहा. दहा-वीस गावांच्या याद्या जमल्या तर मी त्या इथंच एकाखाली एक लावीन, म्हणजे पुढच्याला चक्कर पडणार नाही. मोडी वाचता येणारं कोणी ओळखीत असेल तर त्यांनाही या कामात घ्या.

पुढच्या वेळी तुडतुड्यावर लिहितो, दोन-तीन जणांनी विचारलंय.